पावा आणि त्याची घडण : प्रस्तावना

पावा म्हणजे मुळात एक पोकळ नळी. तिच्यावर एके ठिकाणी धारदार कड असते. ओठांतून सुटलेला वाऱ्याचा पातळ झोत त्या कडेवर आपटतो, क्षणात आत वळतो, क्षणात बाहेर, आणि त्याच्या या हेलकाव्याने नळीतली हवा थरथरू लागते. ऐकू येतो तो आवाज या हवेचा. बांबू किंवा नळ ही तिची फक्त भिंत. घडवणाऱ्याच्या हाती चारच गोष्टी असतात: नळीची लांबी, पोकळीचा व्यास, कडेची धार आणि बोटांच्या भोकांच्या जागा. या वाद्याला तार नाही, चामडे नाही, पिळायला खुंटी नाही. भोक एकदा पडले की सूर ठरला. सतार जुळवून घेता येते, तबल्याचा गट्टू ठोकता येतो, पाव्याला ती सवलत नाही. म्हणून या विद्येतला मोठा भाग नळी कापण्याच्या आधीचा आहे: काय निवडायचे, किती वाळवायचे, कुठून मोजायचे.

कड तयार करण्याच्या तीन रीती जगभर आढळतात आणि त्यांवरून या वाद्यांची तीन कुळे पडतात. पहिल्या रीतीत नळीचे एक टोक बंद ठेवून बाजूला भोक पाडतात आणि वाद्य आडवे धरतात. मैफिलीतली बासरी ती हीच. दुसरीत तोंडाशी लाकडी बूच बसवून वाऱ्याला अरुंद वाट करून देतात आणि समोर खाच कापतात. अलगूज या कुळातले. त्यात ओठांना काही साधावे लागत नाही, फुंकले की वाजते, म्हणून मुलांच्या हाती तेच आधी येते. तिसरी रीत दिसायला सर्वांत सोपी आणि वाजवायला सर्वांत अवघड. नळीची दोन्ही टोके उघडी, बूच नाही, खाच नाही. वरच्या टोकाची गोल कड हीच धार. वाद्य ओठांच्या कोपऱ्याशी तिरपे टेकवून फुंकायचे. पावा, मुरली, बासरी, अलगूज ही नावे गावोगावी एकमेकांच्या जागी वापरली जातात. त्यामुळे नावापेक्षा फुंकेची रीत पाहून वाद्य ओळखणे चांगले.

अरबी संगीतातला नाय हा तिसऱ्या कुळाचा सर्वांत घडलेला नमुना. काहिरा, दमास्कस, बगदाद इथल्या शास्त्रीय वाद्यमेळात तो मानाने बसतो; इस्तंबूलच्या मेव्हलेवी सूफींच्या ‘समा’ या विधीत त्याचे स्थान याहून वरचे आहे, आणि रूमीच्या मसनवीचा आरंभच नायच्या तक्रारीने होतो. तो नळाच्या दांड्यापासून करतात. हा नळ म्हणजे वनस्पतिशास्त्रातला अरुंडो डोनॅक्स, पाणथळ जागी बांबूसारखे वाढणारे उंच गवत. दांडा असा निवडतात की त्यात नऊ कांडी सलग यावीत. वरचे कांडे इतरांपेक्षा आखूड, पुढची शक्य तितकी सारख्या लांबीची. समोर सहा भोके, मागे अंगठ्यासाठी एक. तुर्की नायला वर शिंगाचे किंवा लाकडाचे मुखटोक लावतात, अरबी नायची कड मात्र उघडीच ठेवून बाहेरून तिरपी घासलेली असते. इराणी नायला पितळी टोपण असते आणि ते दातांत धरून जिभेने वारा वळवतात. ईजिप्तमध्ये लोकगायकांच्या साथीला कवला नावाचा आखूड भाऊ आहे. त्याला अंगठ्याचे भोक नसते. तिरप्या धरलेल्या अशा लांब नळ्या प्राचीन ईजिप्तच्या थडग्यांतील भित्तिचित्रांतही दिसतात.

भारतात या कुळाची नळी शोधायला फार लांब जावे लागत नाही. कच्छ आणि सिंधमधला नर, राजस्थानातला नड ही गुराख्यांची लांब, तिरपी, चार भोकांची वाद्ये नायची सख्खी नातलग आहेत. नड वाजवणारा फुंकतानाच घशातून एक खर्ज धरून ठेवतो, त्यामुळे एका माणसाकडून सूर आणि षड्ज दोन्ही मिळतात. महाराष्ट्रात मात्र आडवी बासरी आणि बुचाचे अलगूज यांचेच राज्य आहे.

या राज्याची लेखी नोंदही महाराष्ट्रातच सापडते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचा वाद्याध्याय फुंकवाद्यांच्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका बारकाईचा आहे. तिथे वंश, पाव, पाविका, मुरली, मधुकरी, काहल, शृंग, शंख अशी फुंकवाद्ये वेगवेगळी सांगितली आहेत. म्हणजे पावा आणि बासरी ही दोन निराळी वाद्ये असल्याची जाण आठशे वर्षांपूर्वी या प्रदेशात पक्की होती. वंशाचे प्रकार तर त्याने मापावरूनच पाडले: फुंकेचे भोक आणि त्याला सर्वांत जवळचे बोटाचे भोक यांत किती अंगुळांचे अंतर आहे ते पाहायचे आणि त्यावरून नाव द्यायचे. एक अंगुळ असेल तर एकवीर, दोनाला उमापती, तिनाला त्रिपुरुष, चाराला चतुर्मुख, पाचाला पंचवक्त्र, आणि अशी चढत चढत ही यादी अठरा अंगुळांपर्यंत जाते. सामग्रीतही बांबूबरोबर खैर, चंदन, हस्तिदंत, लोखंड, कासे, चांदी, सोने अशी नावे येतात. नळी कशाची आहे यापेक्षा पोकळी आणि अंतर महत्त्वाचे, हे त्या ग्रंथकाराला ठाऊक असल्याशिवाय अशी यादी झाली नसती. आजचा कारागीर मिलिमीटरची पट्टी वापरतो, पण मोजतो तेच अंतर.

वैरागच्या परिसरात या विद्येकडे पाहताना आधी जमीन पाहावी लागते. वैराग हे बार्शी तालुक्यातले बाजाराचे गाव, सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे, संतनाथांच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे. उत्तरेकडे बालाघाटाचे उतार, दक्षिणेला सीना-भीमेच्या खोऱ्यातला काळा मुलूख. सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक पाऊसमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तेही बेभरवशाचे. ज्वारी, तूर, करडई यांचा हा प्रदेश. ऊस पाण्याच्या मागे आला. सोलापूरहून वैरागला येताना वाटेत नान्नज लागते. तिथल्या माळरानावर १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. दख्खनी मेंढ्यांचे कळप आणि त्यांच्यामागे फिरणारे धनगर हे या माळांचे जुने रहिवासी. धनगरांचे सामुदायिक वादन ढोल आणि झांजेचे आहे, गजीनृत्य त्यावरच चालते. पावा हा त्या मेळ्यातला नव्हे, तो एकट्या मेंढक्याचा. कळप बसला, ऊन उतरले की वाजवायचा. ढोल गावाच्या देवळात राहतो, पावा मेंढक्याबरोबर रानोमाळ फिरतो. म्हणूनच तो हलका, स्वस्त आणि हरवला तरी पुन्हा करता येईल असा असावा लागतो.

पण या मुलखात पाव्याला योग्य बांबू उगवत नाही. महाराष्ट्रातले नेहमीचे बांबू बासरीला निरुपयोगीच म्हणावेत असे आहेत. विदर्भ-सह्याद्रीतला मानवेल आणि कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतात. लाठी, शिडी, मांडव, द्राक्षबागेचे टेकू यांना ते उत्तम. पोकळी मात्र करंगळीही जाणार नाही इतकी. काटेरी कटांग पोकळ असतो, पण त्याचे कवच जाड आणि कांडी आखूड. बासरीला लागते ती पातळ कवचाची, सरळ, गोल आणि लांब कांड्याची नळी. ती येते आसाम-बराक खोऱ्यातल्या डोलू बांबूपासून किंवा केरळ-तामिळनाडूच्या घाटातल्या ईटा वेळूपासून. पंढरपूरच्या वारीत, जत्रेत, आठवड्याच्या बाजारात काठीला खोवलेल्या बासऱ्या घेऊन जे विक्रेते फिरतात, त्यांचा बराच माल उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतचा असतो. पिलिभीत हे बासरीचे शहर म्हणून ओळखले जाते, आणि तेही आसामच्या बांबूवरच उभे आहे. मिरजेला तंतुवाद्यांची पिढीजात पेठ आहे, तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फुंकवाद्याची अशी पेठ महाराष्ट्रात उभी राहिली नाही. त्याचे मोठे कारण हा कच्चा माल. दुसरे कारण असे की बासरी ही स्वतःची स्वतः करून घ्यायची वस्तू मानली गेली, आणि जे प्रत्येकाला येते असे समजले जाते ते नीट शिकवले जात नाही.

सोलापूर जिल्ह्याचे आपले म्हणता येईल असे एक फुंकवाद्य आहे खरे: सुंदरी. ती सनईची धाकटी बहीण. अक्कलकोट-सोलापूरकडच्या जाधव घराण्याने ती मैफिलीत नेली. पण ती जिभाळीचे वाद्य, तिथे ओठांत पात्याची जोडी थरथरते. पाव्याच्या घडणीशी तिचा संबंध दूरचा. एक धागा मात्र दोघांना जोडतो. ज्या नळाचा नाय होतो, त्याच नळाच्या पातळ चिपांपासून पाश्चात्त्य क्लॅरिनेट आणि ओबोच्या जिभाळ्या होतात. एकच गवत कुठे भिंत होते, कुठे जीभ.

ज्याला वैरागसारख्या ठिकाणी राहून हाताने पावा करायचा आहे त्याच्यापुढे तीन वाटा आहेत. बाहेरून बासरीचा बांबू मागवणे ही पहिली. जिथे पाणी टिकते अशा ओढ्याकाठी, तलावाच्या पाझराशी नळ उगवतो. तो जमवणे ही दुसरी. पाणकणसाशी त्याची गल्लत करू नये, पाणकणसाचा दांडा आतून गाभ्याने भरलेला असतो. तिसरी वाट अनेकांना कमीपणाची वाटते, पण शिकण्यासाठी तीच सर्वांत चांगली: विजेच्या फिटिंगची किंवा पाण्याची पीव्हीसी नळी. ती शेताच्या प्रत्येक कोठीत तुकड्या-तुकड्यांनी पडलेली असते. तिची पोकळी सर्वत्र सारखी, ती भेगाळत नाही, आणि चूक झाली तर नुकसान काही रुपयांचे. चार-पाच नळ्या त्यात बिघडवल्यावर हात बांबूला लावावा. पीव्हीसीला भोक गिरमिटाने पाडावे, तापल्या सळईने कधीच नाही. जळताना तिच्यातून विषारी वायू निघतो.

बांबू किंवा नळ तोडण्याचा काळ हिवाळ्याचा. पावसाळ्यात दांड्यात रस आणि पिठूळ अंश भरपूर असतो, आणि बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला तेच हवे असते. खेड्यांत बांबू वद्य पक्षात तोडण्याचा प्रघात आहे. त्यातल्या चंद्राबद्दल काहीही मानले तरी ऋतूचा नियम पक्का आहे. कोवळा दांडा घेऊ नये. तो वाळताना आक्रसतो आणि त्याची गोलाई जाते. बांबू तीन वर्षांचा तरी हवा. तोडल्यावर नळ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीला न टेकवता ठेवतात. पत्र्याच्या छपराखाली ठेवण्याचा मोह होतो, पण वैशाखात तिथे इतके तापते की बाहेरचा थर आतल्याच्या आधी सुकतो आणि नळी उभी फाटते. सहा महिने हा कमीत कमी अवधी, वर्ष झाले तर उत्तम. वाळलेली नळी हिरवी राहत नाही, गवती पिवळी होते, हातात अनपेक्षित हलकी लागते आणि नखाने वाजवली तर टणक बोलते.

निवडताना नळी डोळ्यासमोर धरून तिच्यातून उजेडाकडे पाहतात. आतली कड शेवटपर्यंत गोल दिसली पाहिजे. एका बाजूला चपटी असेल तर वरच्या सप्तकात ती हमखास त्रास देते. नैसर्गिक नळी एका टोकाला किंचित रुंद असतेच. आडव्या बासरीत ते रुंद टोक सहसा फुंकेकडे ठेवतात. पोकळीचा व्यास आणि लांबी यांचे गुणोत्तर साधारण १ : ३० च्या जवळपास राहावे. याहून नळी बारीक झाली तर वरचे सूर सहज निघतात, पण खालचे दुबळे होतात; जाड झाली तर उलट.

लांबीचा हिशेब साधा आहे. दोन्ही टोकांना उघड्या नळीत मूळ सुराच्या लहरीची निम्मी लांबी मावते, आणि आडव्या बासरीचे फुंकेचे भोक उघडे असल्याने तीही याच नियमाने वागते. २६ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर. हार्मोनियमच्या पांढरी पाच पट्टीच्या बासरीचे उदाहरण घेतले तर तिचा षड्ज ३९२ हर्ट्‌झचा, आणि सहाही भोके बंद केल्यावर येणारा मंद्र पंचम २९४ हर्ट्‌झचा. ३४७ ला २९४ च्या दुपटीने भागले की ५९ सेंटिमीटर येतात. ही झाली हवेच्या स्तंभाची लांबी. नळी मात्र याहून काही सेंटिमीटर आखूड कापावी लागते, कारण स्तंभ उघड्या टोकाच्या किंचित बाहेरही पसरतो आणि फुंकेच्या अरुंद भोकापाशी तर त्याहून अधिक. किती आखूड, हे ओठ भोक किती झाकतात यावरही ठरते, म्हणून कोष्टक इथे हात टेकते. जाणता कारागीर आरंभी नळी पुरी ५९ सेंटिमीटरच ठेवतो, फुंकून पाहतो, सूर उतरलेला येतो. मग खालचे टोक कानशीने थोडे थोडे घासत तंबोऱ्याशी मिळवून घेतो.

फुंकेचे भोक घडवताना घाई करू नये. बंद टोकाशी बांबूची गाठ असते, नाहीतर बुचाचा तुकडा बसवतात. बूच आणि फुंकेच्या भोकाचा मध्य यांत पोकळीच्या व्यासाएवढे अंतर ठेवून सुरुवात करतात आणि दोन सप्तके एकमेकांशी जुळेपर्यंत बूच दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे करतात. भोक किंचित लंबगोल, मध्यम बासरीत १० ते १२ मिलिमीटरचे. त्याची पलीकडची कड, जिच्यावर वारा फुटतो, ती स्वच्छ आणि धारदार हवी. तिच्यावर एक बारीक तूस राहिली तरी सुरात फुसफुस येते.

भोके पाडण्याची जुनी रीत तापल्या सळईची, आणि ती अजूनही सर्वांत चांगली आहे. शेगडीत तीन-चार जाडीच्या सळया एकदम घालतात. आधी बारीक सळई लालभडक करून खुणेवर उभी टेकवतात. चर्र आवाज होऊन पिवळा धूर निघतो आणि जळक्या गुळासारखा वास येतो. सळई दाबायची नसते, तिच्या वजनाने आणि उष्णतेनेच ती आत उतरते. आरपार होण्याच्या बेतात ती काढून घेतात, नाहीतर समोरच्या भिंतीवर डाग पडतो. मग जाड सळईने भोक मोठे करतात. गिरमिटाने भोक पाडले तर उभे धागे उचकटतात आणि तिथून भेग सुरू होते. जळलेली कड मात्र टणक होते, धागे जागच्या जागी बसतात. शेवटी गोल कानस आणि बारीक पॉलिश पेपर.

बोटांच्या भोकांच्या जागा ठरवताना पुन्हा तोच ५९ चा हिशेब उपयोगी पडतो. खालून एक भोक उघडले की धैवत, दोन उघडली की निषाद, तीन उघडली की षड्ज, मग ऋषभ, गंधार, आणि सहाही उघडी असता तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी सर्वांत वरचे भोक अर्धे झाकतात. शुद्ध स्वरांच्या प्रमाणांनुसार या सुरांसाठी स्तंभाची लांबी अनुक्रमे ५३.१, ४७.२, ४४.३, ३९.३, ३५.४ आणि ३१.५ सेंटिमीटर हवी. फुंकेच्या बाजूची वाढ यांतून वजा करून खुणा करतात. भोक पोकळीपेक्षा लहान असल्यामुळे नळी तिथे पूर्ण तुटल्यासारखी वागत नाही आणि सूर थोडा उतरतो, म्हणून प्रत्येक भोक खुणेपेक्षा जरा फुंकेकडे सरकवावे लागते. भोक जितके लहान, तितके सरकवणे जास्त. याचाच फायदा घेऊन लहान हातांच्या माणसासाठी भोके जवळ आणता येतात.

क्रम नेहमी खालून वर. खालचे भोक पाडल्याशिवाय वरच्याचा खरा सूर कळत नाही, कारण खालची उघडी भोके वरच्या सुराला किंचित चढवतात. प्रत्येक भोक आधी मुद्दाम लहान ठेवायचे. सूर उतरलेला आला तर कानशीने वाढवायचे. सगळ्या बाजूंनी वाढवले तर सूर चढतो, फक्त फुंकेकडची कड घासली तर अधिक चढतो. चढून गेलाच तर मधमाशीच्या मेणाचा पातळ लेप आतून लावून तो उतरवतात. मेण लावावे लागले म्हणून वाद्य हलके ठरत नाही, पण उन्हात मेण वितळते हे ध्यानात ठेवावे. पट्टीपेक्षा तंबोऱ्याशी मिळवलेला सूर केव्हाही श्रेष्ठ. मोबाइलवरचे स्वरमापक यंत्र समान अंतराचे स्वर दाखवते, त्यावरून गंधार लावला तर तो तंबोऱ्याशी चढा लागतो.

बासरीचा आजचा आवाका पन्नालाल घोष यांनी बदलला. १९११ साली बारिसालला जन्मलेले घोष पुढे मुंबईला आले. ख्यालगायकीला साजेल असा धीरगंभीर आवाज मिळावा म्हणून त्यांनी सुमारे ३२ इंचांची जाड बासरी रूढ केली आणि करंगळीसाठी सातवे भोक जोडले. त्यामुळे मंद्र तीव्र मध्यमापर्यंत उतरता आले. एवढी लांब नळी बिनगाठीची मिळणे कठीण, म्हणून अशा बासरीची किंमत मुख्यतः बांबूचीच असते. पुण्याचे केशव गिंडे यांनी ‘केशव वेणू’ करून हा आवाका आणखी वाढवला. ही सगळी वाढ वादकांनी स्वतः नळ्या कापून, भोके हलवून केली.

नायचे गणित वेगळ्या वळणाचे आहे, आणि ज्याला नळापासून वाद्य करायचे आहे त्याच्यासाठी ते सोयीचेही आहे. पूर्ण नळीचे २६ सारखे भाग करतात. खालच्या टोकापासून ४, ५, ६ आणि ८, ९, १० या खुणांवर समोरची सहा भोके, १३ व्या खुणेवर, म्हणजे बरोबर मध्यावर, मागचे अंगठ्याचे भोक. नळी ५२ सेंटिमीटरची घेतली तर एक भाग २ सेंटिमीटरचा होतो; मग भोके ८, १०, १२, १६, १८, २० सेंटिमीटरवर आणि अंगठ्याचे २६ वर. मध्यावरच्या भोकाने स्तंभ निम्मा होतो आणि मूळ सुराच्या सप्तकाजवळचा सूर मिळतो. तीन-तीनच्या दोन जुळण्या आणि मध्ये एक खूण मोकळी, ही मांडणी बोटांना सहज बसते. अरबी मकामांतले अर्धस्वराहून बारीक अंतराचे सगळेच स्वर मात्र भोकांत सापडत नाहीत. उरलेले मान किंचित वळवून, ओठांचा कोन बदलून काढावे लागतात, आणि नाय शिकायला वर्षे लागतात ती यासाठी.

नायमध्ये गाठी टाळायच्या नसतात, उलट त्या हव्याच असतात. प्रत्येक गाठीचा पडदा लांब तापल्या सळईने आतून जाळून उघडतात. पडदा पूर्ण साफ करायचा की थोडी कड ठेवायची, हा कारागिराचा निर्णय असतो. थोडी कड राहिली तर आवाजात दाटपणा येतो, जास्त राहिली तर वरचे सूर अडतात. मग वरच्या टोकाची कड बाहेरून तिरपी घासून पातळ करतात, पण ओठाला कापेल इतकी नाही. गाठींमुळे नळाला बळकटी मिळते. तरीही नळ बांबूपेक्षा नाजूक, म्हणून दोन्ही टोकांशी दोरा गुंडाळणे आवश्यक.

सोलापूरच्या हवेत दोरा आणि तेल यांना वाद्याइतकेच महत्त्व आहे. मार्चपासून मेपर्यंत हवा कोरडी, दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास, आणि त्याच वेळी वादकाचा ओला श्वास आतून भिंत भिजवतो. आत ओल, बाहेर कोरड. या ताणाने नळी फाटते. दोन्ही टोके आणि भोकांमधल्या मोकळ्या जागा रेशमी किंवा नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट बांधून त्यावर गोंद फिरवतात. आतून तेलाचा हात देतात. बहुतेक बासरीवादक मोहरीचे तेल वापरतात. जवसाचे तेल हवेत सुकून पातळ थर धरते, म्हणून नव्या नळीला आत पहिला हात त्याचा देणे अधिक बरे, करडईचे त्याखालोखाल. काठीला चिंधी बांधून तेल आत फिरवायचे, जास्तीचे टिपायचे आणि नळी काही दिवस न वाजवता ठेवायची.

उष्णतेने सूरही हलतो. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पौषातल्या १५ अंशांच्या पहाटे आणि वैशाखातल्या ४० अंशांच्या दुपारी एकाच नळीच्या सुरात अर्धस्वराच्या पाऊणपट फरक पडू शकतो. श्वासाने आतली हवा ऊबदार राहते म्हणून प्रत्यक्षात तो याहून कमी जाणवतो, तरी हार्मोनियमच्या साथीला बसायचे तर दुर्लक्ष करण्याइतका नाही. त्यामुळे सूर मिळवण्याचे काम भर दुपारी किंवा थंडीच्या पहाटे करू नये. नळी हातात काही वेळ धरून, पाच-दहा मिनिटे वाजवून ऊबदार करावी आणि मगच कानस लावावी.

भेग पडलीच तर वाद्य टाकून देण्याचे कारण नाही. आधी नळी सावलीत पूर्ण सुकू द्यावी, ओल्या भेगेत गोंद धरत नाही. मग भेगेत पातळ गोंद उतरवून तिच्या दोन्ही टोकांपलीकडे बोटभर जागा सोडून दोरा आवळावा, आणि तो सुकल्यावर सगळी भोके झाकून फुंकावे. हवा अजून गळत असेल तर मंद्र पंचम सर्वांत आधी दगा देतो, कारण त्या सुराला नळी टोकापासून टोकापर्यंत बंद लागते.